हरकत न आल्यास नाव कायम

लासुर्णे
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय समिना,

तुला आठवतं का, बोर्डिंगात रविवारी नाश्ता झाला की जेवणघराच्या लांब टेबलावर आपण दोघी शेजारी बसून घरी पत्रं लिहायचो. तू डावरी, मी उजवी. कोपराला कोपर लागून शाई सांडायची. लिहून झालं की पाकीट न चिकटवता सिस्टर फिलोमिनाकडे द्यायचं. ती चष्मा नाकावर ओढून सगळ्यांची पत्रं वाचायची. एकदा तू अम्मीला लिहिलं होतंस की मला इथं फार रडू येतं. सिस्टरनं ते वाक्य खोडलं नाही. त्यातलं एक चुकलेलं स्पेलिंग लाल शाईनं दुरुस्त केलं आणि पत्र धाडून दिलं. तुझ्या अम्मीला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे सुधारलेलं रडू आणि न सुधारलेलं रडू तिला सारखंच.

हे आठवायचं कारण असं, की माझ्यावर चोरीचा आळ आला आहे. आधी पूर्ण वाच, मग हस.

गेल्या बुधवारी दिल्लीच्या एका वकिली फर्मचं रजिस्टर्ड पाकीट आलं. आत इंग्रजी नोटीस. सुरुवात ‘मिस्टर राजलक्ष्मी’ अशी. चौदा ऑगस्टला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपण आपल्या इंटरनेटवरून आमच्या अशिलाची कलाकृती चोरून उतरवून घेतलीत, त्यामुळे अशिलाचं कधीही भरून न निघणारं नुकसान झालं, तरी पैसे भरून माफीपत्रावर सही करावी. तसं केल्यास आपलं नाव गुप्त ठेवण्यात येईल. कलाकृतीचं नाव, समिना, ‘वहिनीचा ट्रॅक्टर, भाग दोन’.

मी नोटीस तीनदा वाचली. इंग्रजी उत्तम आहे, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही.

आता हे माझ्यापर्यंत आलं कसं, ते ऐक. आमचा इंटरनेटवाला म्हणजे बिरदेव केबलवाला. दिल्लीवाल्यांनी त्याला कोर्टाचा हुकूम पाठवला, की अमुक आकड्याच्या जोडणीवर त्या वेळी कोण होतं त्याचं नाव-पत्ता द्या. बिरदेवच्या एकतीस गिऱ्हाइकांना मिळून बाहेरच्या जगात तो एकच आकडा आहे म्हणे. म्हणजे एकतीस घरं आणि दारावर एकच नंबर. कोण होतं ते त्याला कुठून कळणार? पण सरकारी काम म्हटल्यावर आपल्याकडे जे करतात तेच त्यानं केलं. एकतीस जणांची यादी टाइप करून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. वर सिनेमाचं नाव, आणि खाली, ‘वरील यादीबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. हरकत न आल्यास नाव कायम समजण्यात येईल.’

तीस घरांतून लेखी हरकती आल्या. पहिली आबासाहेबांची. ते माजी सरपंच, माझे शेजारी. अजून त्यांच्याकडे तो जुना गोल शिक्का आहे, तो मारून दिली. आणि मी त्या सात दिवसांत कुठं होते? बारामतीला, तुझ्या घरी, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तुझ्या हातची खिचडी खात.

मी बिरदेवला बोलावून विचारलं, तर तो जरा दुखावलाच. म्हणाला, “बाई, समदं पद्धतशीर केलंया. यादी लावली, मुदत दिली, हरकती मागवल्या. तुमचीच आली न्हाय. मग मी काय करणार? एकतिसातनं तीस गेलं की एकच उरतंय.” इतकी वर्षं मी वालचंदनगरच्या शाळेत शिकवलं, पण माझ्यावर चालवलेलं असं गणित पहिल्यांदाच पाहिलं.

माझं वायफाय उघडंच असतं, हे तुला माहीत आहे. फाटकाजवळ वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण आहे, त्याच्या वर पाटीवर पासवर्ड लिहून ठेवला आहे. ‘डॅफोडिल’. सगळ्या आळीला त्या एका फुलाचं स्पेलिंग पाठ झालं आहे. समोरच्या कडुलिंबाच्या कट्ट्यावर बसून आबासाहेब डाळिंबाचे भाव बघतात, पोरं निकाल बघतात, कुणी सातबारा काढतं. तहानलेल्याला पाणी देताना आपण त्याचं नाव लिहून घेत नाही, तसं मी हेही कधी लिहून ठेवलं नाही.

तुझ्या वकील शाहिदला विचार, आता काय करायचं. मात्र त्याला आधीच सांगून ठेव, की बिरदेवच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीबिंदी उकरून काढायला लावू नको. तेवढं सोडून काय ते सुचव म्हणावं.

डोळा बरा आहे. आता सगळं फारच स्पष्ट दिसतं.

तुझी,
राजी


बारामती
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजी,

पूर्ण वाचलं, आणि मग हसले. आमचे हे दुकानातून धावत वर आले, म्हणाले काय झालं, गुडघा दुखतोय का. मी पत्र पुढं केलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, भाग एक न बघता भाग दोन कळतो का? मी म्हटलं, राजी हुशार आहे, तिला कळला असेल.

शाहिदला दाखवलं. माझा पुतण्या कोर्टात उभा राहिला की फार मोठा वकील दिसतो, पण नोटीस वाचताना त्याचे कान लाल झाले. मग त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून माझं हसू जरा कमी झालं. तो म्हणाला, चाची, असल्या फर्मचा हाच धंदा आहे. मुद्दाम असले सिनेमे निवडायचे, ज्यांचं नाव कुणी भल्या माणसानं न्यायाधीशासमोर तोंडानं उच्चारू नये. मग हजारो नोटिसा एकदम सोडायच्या. लढायचं तर भर कोर्टात उभं राहून सिनेमाचं नाव घ्यावं लागतं. म्हणून लोक गुपचूप पैसे भरतात. न केलेल्या चोरीचे. त्यांना सिनेमा विकून मिळत नाही ते लाज विकून मिळतं.

तो म्हणतो, तुझी केस अगदी सोपी आहे. बिरदेवकडे त्या दिवसाची नोंद असणारच, ठेवावीच लागते. तुझ्याकडचं ते लुकलुकणारं डबडं त्यानंच बसवलंय, त्यामुळे इंदापूरचा इंजिनिअर आला की कुठला फोन कधी जोडला होता आणि त्यावर काय काय पाहिलं, सगळं छापून मिळतं. प्रत्येक फोनला त्याच्या मालकाचं नाव असतं. एक कागद, आणि तू सुटलीस.

आता मला सांग, ज्या एका कागदानं सुटका व्हायची तोच नको, असं तू का म्हणतेस? मी रात्री ह्यांच्याशी यावर बराच काथ्याकूट केला. तीन शक्यता निघाल्या. एक, तू खरंच पाहिलास. पाहिला असलास तर माझी काही तक्रार नाही, फक्त मला न बोलावता पाहिलास एवढाच राग आहे. दोन, त्या फोनवर दुपारी तीन वाजता तू कुणाशी तरी बोलत असतेस आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली, राजी. मला सांगितलंस तर मी शिरकुर्मा करीन, निंदा करणार नाही. तीन, ह्यांचं मत आहे की तू भोळी आहेस आणि तुला नोंद म्हणजे काय तेच कळलेलं नाही. या तिसऱ्या मताला मी अजिबात महत्त्व देत नाही.

गुडघ्यामुळे मला येता येत नाही, नाहीतर समोर बसवून विचारलं असतं. खरं काय ते लिही.

तुझी,
समिना


लासुर्णे
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय समिना,

तुझ्या तिन्ही शक्यता वाचल्या. दुसरीसाठी आभारी आहे. या वयात माझ्याबद्दल असं कुणाला वाटावं हे मी जपून ठेवीन. पण तिन्ही चुकीच्या आहेत.

खरं सांगते. ज्या व्यक्तीचं हे आहे तिला विचारून, तिनं हो म्हटल्यावर लिहिते आहे.

ऑपरेशनला माझ्यासोबत आली होती ती म्हाळसा तुला आठवत असेल. आबासाहेबांची सून. तिला दोन मुली. घरात तिसऱ्यासाठी नवस बोलून झाले आहेत. मुलगा झाल्याशिवाय थांबायचं नाही हे सासूनं, सासऱ्यांनी आणि तिच्या नवऱ्यानं, ऋषिराजनं ठरवलं आहे, म्हणजे जिला बाळंत व्हायचं आहे ती सोडून सगळ्यांनी. दुसऱ्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं होतं, की तिसऱ्या वेळी ती वाचेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ते तिनं घरी सांगितलं. घरच्यांनी डॉक्टर बदलला.

माझ्या पडवीत दुपारी तीन ते चार बायकांचा इंग्रजीचा वर्ग असतो. वर्ग सुटला की म्हाळसा मागं राहते, कधी वर्ग चालू असतानाच आतल्या खोलीत जाते, आणि माझ्या वायफायवरून पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलते. जुलैपासून. तुझ्याकडे असताना एका सकाळी ती बांगड्या भरायला जाते म्हणून बाहेर पडली, ती दुपारी आली, ते आठवतं? त्या दिवशी त्याच बाईंच्या बारामतीतल्या ओळखीच्या दवाखान्यात तिनं तांबी बसवून घेतली. घरी कुणालाही माहीत नाही. चौदा ऑगस्टलाही ती माझ्या आतल्या खोलीत होती.

आता तुला कळेल. तो कागद छापला की त्यावर ‘म्हाळसा’ हे नाव येणार, आणि पुढं दवाखान्याचं नाव, तारखा, वेळा. मी सुटेन. ती सापडेल. घरात कळलं तर ती तांबी काढायला लावतील, आणि मग तिसरी वेळ.

आता वाईट बातमी. काल आबासाहेब आले होते. खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि गावाच्या अब्रूबद्दल बोलले. माझ्यासारखी शिकलेली बाई असलं काही करणार नाही याची त्यांना खात्री आहे, म्हणाले. हे कुणीतरी माझ्या पडवीतलं केलं असणार. बायका हल्ली नेटवर काय बघतात याचा छडा लागायलाच हवा. तेवीस तारखेला, रविवारी, त्यांनी देवळापुढं बैठक बोलावली आहे. बिरदेवला सांगून ठेवलं आहे, की इंदापूरहून इंजिनिअर बोलाव, ऑगस्टपासूनची सगळी नोंद काढ आणि फळ्यावर लाव. हरकतींसाठी मुदत अर्थातच देणार आहेत.

मी म्हटलं, आबासाहेब, दुसऱ्यानं काय पाहिलं हे चव्हाट्यावर लावणं बरं नाही. त्यावर ते म्हणाले, “बाई, ज्याच्या मनात पाप न्हाय त्यानं कशाला भ्यायचं? आमचं नाव तर हरकतीतनं कवाच कटलंया.”

मी म्हटलं, कट्ट्यावर बसून तुम्हीही माझंच वायफाय वापरता. तर हसले. कट्टा ग्रामपंचायतीचा आहे, कुंपणाच्या बाहेरचा आहे, त्यामुळे तो हिशेबात येत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. नोंद कुंपणाच्या आतल्यांचीच होते अशी त्यांची समजूत आहे. मी ती दुरुस्त केली नाही. तसं करून काय साधणार होतं कोण जाणे. त्यांची चार डाळिंबांची नोंद निघाली तरी सुनेचं नाव थांबत नव्हतं.

वालचंदनगरच्या क्वार्टरात मी चौतीस वर्षं काढली. भिंती इतक्या पातळ, की शेजाऱ्यांचा खोकला ऐकून आपण घड्याळ लावावं. पण तिथं ऐकलेलं कुणी फळ्यावर लावत नव्हतं.

शाहिदला विचार, बैठक कायद्यानं थांबवता येते का. लवकर लिही.

तुझी,
राजी


बारामती
१५ नोव्हेंबर २०२५

राजी,

मी मूर्ख आहे. ती पोरगी बांगड्या भरायला गेली आणि मोकळ्या हातांनी परत आली. मी तिला म्हटलंसुद्धा, काय गं, आमच्या बारामतीच्या बांगड्या पसंत नाही पडल्या वाटतं? ती हसली आणि भिंतीला धरून बसली. मी समजले, उन्हानं. सरबत दिलं. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि पट्टी बांधलेली होतीस तू.

शाहिद म्हणतो, बिरदेवला मी वकिलाचं पत्र पाठवतो. कोर्टानं मागितलंय ते सोडून गिऱ्हाइकांची इतर माहिती अशी लावता येत नाही. पत्र आजच रजिस्टर्ड टाकलं. पण तो असंही म्हणाला, की चाची, कायदा पुण्या-मुंबईत जसा चालतो तसा देवळापुढं चालेलच असं नाही. बिरदेवला उद्या केबलचे खांब आबासाहेबांच्याच बांधावरून न्यायचेत.

त्याचा दुसरा निरोप जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून अधोरेखित करते. काहीही झालं तरी तू कबुली द्यायची नाहीस. तोंडी नाही, लेखी नाही, गमतीतही नाही. मी त्याला म्हटलं, ती कशाला देईल? तो म्हणाला, चाची, तुमच्या बोर्डिंगच्या बायकांचा मला भरवसा नाही, तुम्हाला बलिदानाची आवड असते.

तेव्हा बलिदान करू नकोस. दुसरं काहीतरी शोध.

समिना


लासुर्णे
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय समिना,

शाहिदला सांग, मी कबुली दिली. त्याला आधी खाली बसव आणि मग सांग.

शाहिदचं पत्र बिरदेवला मिळालं होतं. त्यानं ते लॅमिनेट करून दुकानात लावलं आहे. पण शनिवारी इंजिनिअर येऊन गेला आणि कागदांची चळत तयार झाली. रविवारी सकाळी देवळापुढं सतरंजी अंथरली. दीडशे माणूस असेल. कारखान्याच्या सभेला इतकं येत नाही. बायका एका बाजूला, त्यांत म्हाळसा, धाकटी मुलगी मांडीवर. बिरदेव त्या चळतीवर हात ठेवून बसला होता, बदक अंड्यांवर बसतं तसा.

शुक्रवारी ती मला म्हणाली होती, की बाई, मीच सांगून टाकते, तुमच्यावरचं तरी जाईल. मी तिला गप्प बसवलं. काय करायचं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आबासाहेबांनी प्रास्ताविक केलं. संस्कृती झाली, मोबाइल झाला, माताभगिनी झाल्या. मग बिरदेवला म्हणाले, वाच. बिरदेवनं थुंकी लावून पहिलं पान उचललं, आणि मी उभी राहिले.

मी म्हटलं, वाचायची गरज नाही. तो सिनेमा मी उतरवून घेतला. माझ्याच फोनवर, मी एकटीनं. चोर सापडल्यावर बाकीच्यांचे खिसे तपासत नाहीत.

मग मागून कुणीतरी खोकलं. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मान खाली घातली. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की ते हसतायत.

आबासाहेबांना ते पटेना. गावातली बिघडलेली सून सापडायच्या ऐवजी पासष्टीची मास्तरीण सापडली, यात बैठकीची शोभाच गेली. म्हणाले, बाई कुणाला तरी पाठीशी घालतायत. आणि सरळ उलटतपासणीच सुरू केली.

“तुमी बघितला म्हंता, तर ष्टोरी सांगा.”

मी तो सिनेमा पाहिलेला नाही हे तुला तरी पटलंय ना? मला फक्त नाव माहीत होतं. वहिनी आहे आणि ट्रॅक्टर आहे. तेवढ्यावर मी सुरुवात केली. म्हटलं, एक कष्टाळू वहिनी असते. तिचा नवरा आजारी पडतो. ती बँकेतून ट्रॅक्टर घेते, स्वतः चालवायला शिकते. गाव नावं ठेवतं, पण ती खचत नाही. पडीक माळ नांगरून ती ऊस लावते. चांगलं रंगत चाललं होतं, बायका मन लावून ऐकत होत्या. म्हटलं, दीर तिला पाठच्या भावासारखा मदत करतो. शेवटी कृषी अधिकारी येतात आणि तालुक्यात पहिलं आल्याबद्दल वहिनीला बक्षीस म्हणून नवा नांगर—

“न्हाय वो,” आबासाहेब म्हणाले. “नांगर तिला भाग एकमधीच मिळतुया. दोनमधी ट्रॅक्टर इकून ती दिराबरुबर महाबळेश्वरला जाती.”

ते हे अगदी कळकळीनं म्हणाले. एखाद्यानं चुकीची तारीख सांगितली की मला जसं राहवत नाही, तसं त्यांना राहवलं नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. दीडशे माणसं नुसती त्यांच्याकडे बघत बसली. आबासाहेबांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. मग बायकांच्या बाजूनं त्यांच्याच बायकोचा, मुक्ताबाईंचा, आवाज आला: “आन् मला सांगितलं डाळिंबाचं भाव बघतुया.”

बैठक तिथंच आटोपली. गावाच्या ऐक्यासाठी हा विषय इथंच मिटवावा असं आबासाहेबांनी जाहीर केलं, आणि बिरदेवच्या हातातली चळत स्वतः काढून घेतली. पहिल्याच पानावर काय होतं कोण जाणे. ती त्यांनी बघ्यांच्या हाती लागू दिली नाही. मी मागितली. गिऱ्हाईक म्हणून माझा हक्क आहे, म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं दिली. मी घरी आणली आणि एकही ओळ न वाचता पाणी तापवायच्या बंबात घातली. बिरदेवच्या कॉम्प्युटरमध्ये मूळ आहेच, ते कोर्टाला हवं तर कोर्ट मागेल.

म्हाळसा संध्याकाळी आली. म्हणाली, “बाई, तुमी माझ्यापायी बदनाम झाला.” मी म्हटलं, अगं, या वयात मला बदनाम व्हायला दुसरं काय निमित्त मिळणार होतं? पण ती हसली नाही. माझा हात धरून तिनं दुसरंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला महिन्याभरात तपासायला बोलावलं आहे, ती मुदत टळून गेली आहे. पोटात दुखतं अधूनमधून. घरून निघायला कारण नाही.

शाहिद उठून बसला का ते कळव.

तुझी,
राजी


बारामती
२९ नोव्हेंबर २०२५

राजी,

उठून बसला. आधी म्हणाला, मी सांगितलं नव्हतं का चाची, यांना आवड असते. मग महाबळेश्वरपर्यंत पत्र वाचलं आणि कोट काढून ठेवून हसला. आमच्या ह्यांनी ते दुकानात दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला मागितलं. मी दिलं नाही. बघ, मीही सुधारतेय.

कामाचं असं, की शाहिदनं दिल्लीला उत्तर धाडलं होतं, एकतीस घरांना एकच आकडा आणि हरकतींवरून ठरवलेला चोर, हे सगळं सविस्तर. त्यांचं लगेच ईमेलनं उत्तर आलं. वाचून अंगावर काटा आला. ते म्हणतात, ठीक आहे, मिस्टर राजलक्ष्मी निर्दोष असतील. मग त्यांनी खऱ्या माणसाचं नाव आणि त्यांच्या घरी इंटरनेट वापरणाऱ्या सगळ्यांची यादी आम्हाला द्यावी, आम्ही त्यांच्यावरची नोटीस मागं घेऊ. किती सभ्य भाषा. तुझी सुटका, फक्त बाकीच्यांना लिहून दे.

माझं मत विचारशील तर आबासाहेबांचं नाव देऊन टाक, पूर्ण, शिक्क्यासकट. त्या माणसाची मला दया येत नाही. पण निर्णय तुझा.

म्हाळसाचं काय ते आधी बघ. दुखणं चांगलं नव्हे.

समिना


लासुर्णे
४ डिसेंबर २०२५

प्रिय समिना,

हे पत्र म्हाळसाच घेऊन येते आहे. पाकीट चिकटवलेलं आहे, आणि ती ते उघडणार नाही.

तिला घराबाहेर पडता आलं ते कसं, ते सांगते. परवा आबासाहेब आले. कट्ट्यावर नाही बसले, आत आले. दिल्लीवाले खऱ्याचं नाव मागतायत हे त्यांना बिरदेवकडून कळलं होतं, त्या ईमेलची प्रत त्यालाही आली होती. मी काही देणार आहे का, असं विचारायचं होतं, पण ते विचारता येईना. हवापाण्याचं बोलले, गाळप हंगामाचं बोलले. मी चहा केला. मग आपणहून म्हणाले, आमची म्हाळसा तुमच्याकडं इंग्रजी शिकती, तिला बारामतीला कसली परीक्षाबिरीक्षा द्यायची आसंल तर जाऊ द्या, माझी ना न्हाय. दर महिन्याला जायचं आसंल तरी जाऊ द्या.

मी काहीही मागितलं नव्हतं. मी फक्त साखर किती घालू, एवढंच विचारलं होतं.

तू म्हणतेस त्यांचं नाव देऊन टाक. मी दोन दिवस विचार केला. देणार नाही. दया म्हणून नव्हे. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांचं पितळ उघडं पडलं ते त्यांच्या स्वतःच्या तोंडानं, ते त्यांचं त्यांनी केलं. पण मी माझ्या हातानं एक नाव लिहिलं, की त्याच कागदावर दुसरं लिहायला जागा उरते. आज दिल्लीवाल्यांना हवं, उद्या फळ्याला हवं. कुणाची यादी द्यायची आणि कुणाची नाही हे मी ठरवत बसले, तर मी बिरदेवच झाले, फक्त इंग्रजी बरं असलेली. आणि आबासाहेबांना मी देणार नाही याची खात्री आत्ताच व्हावी, असंही मला वाटत नाही. म्हाळसाच्या परीक्षा बऱ्याच बाकी आहेत.

खटला चालू दे. वेळ आली तर मी न्यायाधीशांसमोर सिनेमाचं नाव मोठ्यानं, भागासकट घेईन. वर्गात मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची मला सवय आहे.

आता म्हाळसाच्या हाती जी कापडी पिशवी आहे तिच्यातलं कुणाला काय द्यायचं ते नीट वाच.

तपकिरी लिफाफा शाहिदला. त्यात दिल्लीच्या फर्मला माझं उत्तर आहे, दोनच ओळी: मी कुणाचंही नाव देणार नाही, आणि मी मिस्टर नाही. त्यानं भाषा सुधारू नये.

निळा लिफाफा बिरदेवला; इथं दिला तर तो दुकानात चारचौघांसमोर वाचेल. तो शनिवारी बारामतीला केबलचं सामान घ्यायला येतो, तेव्हा तुमच्या दुकानावरून जाईल. त्यात लिहिलं आहे की माझ्या जोडणीबद्दल कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही, आणि कोर्टानं मागितलं तर जेवढं मागितलं तेवढंच द्यायचं. हे फळ्यावर लावू नको, असंही त्यात लिहिलं आहे, कारण ते लिहावं लागतं.

डाळिंबांचा डबा तुम्हा दोघांना. आबासाहेबांच्याच बागेतली आहेत. त्यांनी आणून दिली, मी भाव विचारला नाही.

जुना फोन म्हाळसाला, तिच्या हातात. त्यात नवं कार्ड आहे. तो तुझ्याकडेच ठेवून जाईल ती, दर महिन्याला येऊन वापरेल. त्याला कुलूप आहे आणि त्याचा आकडा मला माहीत नाही, तूही विचारू नकोस.

दवाखान्यात तू तिच्याबरोबर जा. गुडघ्याला रिक्षा कर. पण डॉक्टरांच्या दाराशी तू बाहेर बस. आत काय दुखतं, काय निघतं, पुढं काय ठरतं, ते तिला विचारू नकोस, आणि तिनं आपणहून सांगितलं तरी मला लिहू नकोस. डॉक्टर जी चिठ्ठी देतील ती म्हाळसाची.

तुझी,
राजी